शाळेतली दादागिरी: नोंद कशी ठेवायची, तक्रार कुठे द्यायची, आणि शाळेचं कुठे चुकतं

कडुलिंब (धागाकर्ती)

जूनमध्ये तुकड्या नव्याने लागतात आणि गणपतीच्या आसपास "पोरगं शाळेत जायला तयार नाही" अशा धाग्यांची रांग लागते. खालचे सल्लेही ठरलेले: दुर्लक्ष करा, कराटेला घाला, शाळा बदला. माहिती एकदा एका जागी यावी म्हणून हा धागा. शिक्षक, समुपदेशक, डॉक्टर, वकील जे कोणी इथे आहेत त्यांनी भर घालावी. लहानपणीच्या आठवणींसाठी दुसरा धागा आहे, इथे फक्त काय करायचं आणि घोडं कुठे अडतं तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. भांडण आणि दादागिरी यांतला फरक आधी पक्का करा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी नॉर्वेत काम करताना सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोन बाजूंची ताकद असमान. (नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर १९८३मध्ये सरकारने देशभर मोहीम काढली. तिथून हा विषय शाळांच्या कामाचा भाग झाला.) आपल्याकडे घोळ होतो तो तिसऱ्या खुणेवर. अंगातलं बळ म्हणजेच ताकद असं समजून शिक्षक "दोघंही सारखीच आहेत हो" म्हणून मोकळे होतात. एकाविरुद्ध चौघे, वर्गाचा मॉनिटर, संस्थाचालकांचा भाचा, फाडफाड इंग्रजी बोलणारी, जातीवरून टोमणा मारू शकणारा, दुसऱ्याचा नको तो फोटो फोनमध्ये बाळगणारा, हे सगळे ताकदवान. मुलींमध्ये तर बऱ्याचदा हात उगारलाच जात नाही. डबा खायला गोलात बसू द्यायचं नाही, ती आली की गप्प व्हायचं, वाढदिवसाला तिला सोडून सगळ्यांना बोलवायचं. हे महिना महिना चालतं आणि नोंदीत काहीच येत नाही.

डॉक्टरकाकू

बालरोगाच्या ओपीडीतून थोडं. मुलं तोंडाने सांगत नाहीत, पोट सांगतं. पोटदुखी, मळमळ, डोकेदुखी रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी, शनिवारी दुपारी मात्र ठणठणीत, असं दिसलं तर तपासण्यांच्या मागे लागण्याआधी शाळेचं विचारा. तीन गोष्टी खास बघा.

एक, लघवी. स्वच्छतागृहात त्रास होत असेल तर मूल दिवसभर लघवी धरून ठेवतं, त्यासाठी पाणीही पीत नाही. बाटली भरलेली परत येते, घरी आल्या आल्या आधी बाथरूम गाठलं जातं. मुलींमध्ये यातून मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो. दोन, भूक. डबा रिकामा येतो तरी मूल अधाशासारखं जेवतं, कारण डबा दुसऱ्यानेच खाल्लेला असतो. तीन, वस्तू. कंपास, पट्टी, टिफिनची पिशवी "हरवणं" आणि खाऊच्या पैशांची मागणी वाढणं. चष्म्याची काडी मोडणं हीही नेहमीची खूण.

अंगावर वळ किंवा निळं पडलेलं असेल तर त्याच दिवशी फोटो घ्या. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. मार जास्त असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा आणि केस मेडिको-लीगल (पोलिसांना कळवायची) म्हणून नोंदवायला सांगा. खासगी दवाखान्यात चिठ्ठीवर नुसतं "पडल्यामुळे" लिहून घेतात आणि पुढे तेच अंगाशी येतं.

मूल "जगून काय उपयोग" अशा अर्थाचं काही बोललं, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर शाळेचं पत्र नंतर. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि तोवर मूल एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

भीमथडी

एवढं पुराण कशाला? एकदा परत ठेवून द्यायला शिकवा, समोरचा पुन्हा वाटेला जाणार नाही. आमच्या पिढीत असंच मिटायचं.

समुपदेशन_कक्ष

भीमथडी, ताकद सारखी असेल तर ते मिटतंही, पण मग ती दादागिरी नव्हतीच. चौघांसमोर एकट्याने हात उचलला की दोन गोष्टी होतात. मार जास्त बसतो, आणि शिक्षक नेमके त्याच क्षणी येतात. रजिस्टरमध्ये नाव लागतं ते परत मारणाऱ्याचं. शिवाय त्रास सोसणारं मूल स्वतःही इतरांना त्रास द्यायला लागलं, तर पुढे त्याचेच हाल सगळ्यात वाईट होतात, असं अमेरिकेत मुलांना सव्विसाव्या वर्षापर्यंत बघणाऱ्या अभ्यासात दिसलं. चिंता, नैराश्य, आत्महत्येचे विचार, सगळं या मिश्र गटात अधिक.

"मोठं झालं की विसरतं" याला तर आधारच नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्यांचा पन्नाशीपर्यंत माग घेतला. सातव्या आणि अकराव्या वर्षी वारंवार त्रास सोसलेल्यांमध्ये पंचेचाळिशीतही नैराश्य आणि चिंता जास्त होती. जो त्रास देतो त्याचंही भलं होत नाही. ओल्वेउस यांच्या पाहणीत सहावी ते नववीत दादागिरी करणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ६० टक्के जणांना चोविसाव्या वर्षापर्यंत निदान एकदा न्यायालयात शिक्षा झालेली होती.

मुलाला शिकवायचंच असेल तर हे शिकवा: पाठ भिंतीला लावू नकोस, मोठ्या आवाजात नाव घेऊन "अमुक, सोड" म्हण, आणि जिथे मोठं माणूस आहे त्या दिशेला चाल. नाव घेऊन ओरडल्याने बाकीची मुलं वळून बघतात. खरा उपयोग त्याचाच.

आता घरी कसं विचारायचं. "तुला कुणी मारतं का?" याचं उत्तर "नाही" असतं. नकाशासारखं विचारा: मधल्या सुट्टीत कुठे असतोस, डबा कुणाबरोबर खातोस, पीटीच्या तासाला जोडी कोण, व्हॅनमध्ये कुठली सीट, कुठल्या जिन्याने उतरतोस. जिथे उत्तर अडखळतं तिथे थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच या. आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही" एवढंच द्या, कारण सांगावं तर लागणारच आहे.

वही ठेवा. तारीख, तास किंवा सुट्टी, जागा, काय झालं ते मुलाच्याच शब्दांत, कोण कोण बघत होतं, त्या दिवशी शाळेत कुणाला सांगितलं. एका घटनेला चार-पाच ओळी पुरेत. "सारखा त्रास देतात" याला शाळा दाद देत नाही. "सोमवार, मधली सुट्टी, दुसऱ्या मजल्यावरचं स्वच्छतागृह, दार बाहेरून धरून ठेवलं" याला द्यावीच लागते.

पाटीपेन्सिल

वर्गात ६२ मुलं असलेल्या, समुपदेशक नसलेल्या शाळेच्या बाजूने लिहिते. सगळे उपाय परदेशातले आणि वर्ग आपला, ही तक्रार खरी आहे. तरी फुकटात होणाऱ्या गोष्टी आहेत.

शाळेचा हाताने काढलेला आराखडा झेरॉक्स करून प्रत्येकाला द्या. नाव लिहायचं नाही. जिथे भीती वाटते तिथे लाल फुली. वीस मिनिटांचं काम. बहुतेक फुल्या ठरलेल्या जागी पडतात: स्वच्छतागृह, मागचा जिना, पाण्याच्या टाकीमागे, सायकल स्टँड. आणि वेळ तास बदलतानाची, कारण त्या पाच मिनिटांत वर्गावर कुणी नसतं. मग मधल्या सुट्टीची पाळी "मैदान" अशी मोघम न लावता "मागचा जिना, पहिली पंधरा मिनिटं, अमुक बाई" अशी लावा. पाळीवरच्या शिक्षकांनी उभं राहायचं नाही, फिरायचं, आणि फोन स्टाफरूममध्ये ठेवून यायचं. (शेवटच्या मुद्द्यावर स्टाफरूममध्ये बंड होतं, पण तो सोडू नका.)

तक्रारपेटी बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांच्या दाराशी लटकते. तिथे चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्यांना दिसतं, म्हणून पेटीत चॉकलेटचे कागद निघतात. त्यापेक्षा दर शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गात सगळ्यांना सारख्या आकाराचा कागद द्या. सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच, काही नसेल तर "काही नाही". घडी घालून सगळ्यांनीच टाकायचं. मग कुणी सांगितलं ते कळत नाही.

महिन्यातून एकदा विचारा: सहलीत कुणाशेजारी बसायला आवडेल, तीन नावं. "कुणाशेजारी नको" हे कधीही विचारू नका, त्याची वर्गात यादीच फिरते. ज्याचं नाव एकाही कागदावर नाही ते मूल तुमचं पहिलं काम. खेळाचे गट कप्तानांना निवडू देऊ नका, हजेरी क्रमांकाने पाडा. रोज शेवटी उरणारं मूल कोण ते अख्ख्या वर्गाला पाठ असतं.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात, कारण इथे गैरसमज फार.

"काढून टाका त्या मुलाला" ही मागणी आठवीपर्यंत चालत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याला छडीही मारता येत नाही, कलम १७. तुकडी बदलता येते, पण बदलायची तर त्रास देणाऱ्याची. सोसणाऱ्याला हलवलं की वर्गाला वेगळाच निरोप जातो.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ फक्त कॉलेजांचा आहे असं सगळे धरून चालतात. त्यातल्या शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृहं आणि शिकवणीच्या संस्थाही येतात. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. टाळाटाळ केली तर त्यानेच चिथावणी दिली असं कायदा मानतो. निवासी शाळा आणि आश्रमशाळांच्या बाबतीत या कायद्याचा उल्लेख पत्रात जरूर करा. सीबीएसई शाळा असेल तर मंडळाच्या २०१५च्या परिपत्रकानुसार दादागिरीविरोधी समिती असायला हवी. तिच्या सदस्यांची नावं लेखी मागा. राज्याच्या नियमांनुसार विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही हवी.

पोलिस: सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयात समज किती होती ते बघतात. अठराखालच्यांवर, गुन्हा अत्यंत गंभीर नसेल किंवा त्यात प्रौढ सामील नसेल, तर एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. त्यामुळे "एफआयआर घेत नाहीत" म्हणून ठाण्यात आरडाओरडा करू नका, बाल कल्याण पोलिस अधिकाऱ्याला भेटा आणि डायरीतल्या नोंदीचा क्रमांक घ्या.

चड्डी ओढणं, गुप्तांगाला हात लावणं, स्वच्छतागृहात कपडे काढायला लावणं हे "पोरांचे चाळे" म्हणून मिटवता येत नाही. पॉक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) २०१२, कलम १९ खाली ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे. दडपलं तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर पत्रात नेमके शब्द लिहा, "अपशब्द वापरले" असं सोवळं वाक्य नको.

आणि पालकांनी त्या दुसऱ्या मुलाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये. चौकशी सुरू असताना बालकाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

रातराणी

एक शंका. व्हॅनमध्ये होत असेल तर शाळा म्हणते, ते आमच्या आवाराबाहेर.

काळा_कोट

चालत नाही. स्कूल बससाठीचे राज्याचे २०११चे नियम आहेत, त्यात शाळा पातळीवर परिवहन समिती सांगितली आहे आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापकच. पत्र त्यांना समितीचे अध्यक्ष म्हणूनच लिहा. व्यवहारात लगेच होण्यासारखं: लहान मुलं पुढे, मोठी मागे, जागा ठरवून यादी व्हॅनकाकांकडे. मागची लांब सीट मोकळी सोडली की सगळं तिथेच घडतं.

जालजंजाळ

फोनवरच्या त्रासाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पुरावा आधी, ब्लॉक नंतर. उलटं केलं तर खातं दिसेनासं होतं आणि हातात काही राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर किंवा खात्याचं नाव, आणि आधीचे-नंतरचे चार-पाच संदेश दिसले पाहिजेत. नुसत्या शिवीचा कापलेला तुकडा कामाचा नाही. व्हॉट्सअॅपमध्ये "एक्सपोर्ट चॅट" करून फाइल स्वतःला मेल करा. इन्स्टाग्रामवर खात्याच्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण दाखवायचं नाव रोज बदलतात.

अपवाद एकच, पण मोठा. मुलाचं किंवा मुलीचं नग्न वा अर्धनग्न चित्र असेल तर त्याची प्रत किंवा स्क्रीनशॉट काढू नका, पुरावा म्हणून शिक्षकांनाही पाठवू नका. फॉरवर्ड करणारा पालकही गुन्ह्यात अडकतो. फोन आहे तसा घेऊन थेट पोलिसांकडे जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात तक्रार करा. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, इथे १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. चित्र पसरू नये म्हणून "टेक इट डाऊन" ही मोफत सेवा आहे. ती चित्र अपलोड न करता त्याचा सांकेतिक ठसा मुलाच्या फोनवरच बनवते आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की चित्र उतरवतात.

मुलाचा फोन काढून घेऊ नका. तो जाईल या भीतीनेच मुलं सांगत नाहीत.

भीमथडी

ठीक, परत मारायचं राहू द्या. पण शाळेत दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून, हात मिळवायला लावून मिटत का नाही? पंचायत तशीच तर चालते.

समुपदेशन_कक्ष

कारण समोरासमोर बसवल्यावर सोसणारा बोलत नाही. ज्याची भीती वाटते तो दोन हातांवर बसलेला असतो. "सॉरी" म्हणून घेतात, दार बंद झालं की "सांगितलंस ना?" सुरू होतं, आणि पुढचा त्रास शिक्षकांना दिसणार नाही अशा जागी सरकतो. शाळांचं सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. समेट भांडणाचा होतो, दादागिरीचा नाही.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या गटाने बसवलेल्या "किवा" या दादागिरीविरोधी कार्यक्रमाचा क्रम आपल्याकडे जसाच्या तसा चालतो. आधी सोसणाऱ्या मुलाशी एकट्याने बोलायचं. मग त्रास देणाऱ्यांना एकेक करून, लागोपाठ, मध्ये एकमेकांशी बोलायला वेळ न देता. वर्गातून बोलवायला शिपाई पाठवू नका, स्वतः जाऊन आणा. दहा मिनिटं पुरतात. "तू का केलंस?" विचारलंत की वकिली सुरू होते. "त्याचं वर्गात बरं चाललेलं नाही असं दिसतंय, तू काय करशील?" असं विचारा आणि ठोस उत्तर येईपर्यंत गप्प बसा. "मी त्याच्या वाटेला जाणार नाही" हे कच्चं. "मी त्याची बॅग लपवणार नाही, आणि दुसऱ्याने लपवली तर परत आणून देईन" हे पक्कं. लिहून घ्या. कुणी सांगितलं हे कधीही उघड करू नका, "पाळीवर दिसलं" म्हणा, आणि ते खरं ठरावं म्हणून आधी दोन दिवस पाळीवर खरोखर बघा.

तिसरी पायरी सगळे गाळतात. वर्गात ज्यांचं वजन आहे अशी दोन ते चार मुलं निवडून त्यांना छोटं काम द्या: डब्याला बोलव, पीटीला जोडी घे, जिन्यावर बरोबर उतर. टोरांटोच्या मैदानांवर कॅमेऱ्यांनी केलेल्या निरीक्षणात दादागिरीच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला. बघ्यांपैकी दोघांनी हसणं बंद केलं तरी खेळाची मजा जाते.

चौथी पायरी दोन आठवड्यांनी पुन्हा भेट, आधी सोसणाऱ्याची, मग बाकीच्यांची. ती तारीख पहिल्याच दिवशी डायरीत टाका. पहिल्या आठवड्यात सगळं शांत असतं, त्यावर विसंबून फाईल बंद करतात. आणि अपेक्षाही माफक ठेवा. चांगल्या कार्यक्रमांनीही शाळेतली एकूण दादागिरी सरासरी पाचव्या हिश्शानेच घटते.

रातराणी

आणि ज्यांच्या मुलाविरुद्ध तक्रार आली त्यांनी?

पाटीपेन्सिल

शाळेत पहिलं वाक्य "आमचा असा नाहीच" हे नको. "काय काय दिसलं ते सांगा" म्हणा आणि ऐका. घरी येऊन बदडू नका, मोठ्याने लहानाला मारायचं असतं हेच त्याला पुन्हा कळतं. समोरच्या घरी माफी मागायला ओढत नेऊ नका. मोडलेल्या वस्तूची भरपाई त्याच्या खाऊच्या पैशांतून, शाळेमार्फत. दोन आठवडे मधल्या सुट्टीत त्याला वाचनालयात किंवा क्रीडासाहित्याच्या खोलीत जबाबदारीचं काम मागून घ्या. आणि त्याला घरी, क्लासला किंवा मोठ्या भावाकडून काही होतंय का तेही बघा.

कडुलिंब (धागाकर्ती)

पत्राचा नमुना खूप जणांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) मागितला, इथेच देते. एका पानात बसवा. दोन प्रती न्या, एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कारकून "ठेवून जा" म्हणाले तर शाळेच्या अधिकृत ईमेलवर तेच पत्र लगेच पाठवा.

*प्रति, मा. मुख्याध्यापक*
*विषय: इयत्ता ६ वी ब मधील विद्यार्थ्यास वारंवार होणाऱ्या त्रासाबाबत*

*महोदय/महोदया,*
*माझा पाल्य (नाव, हजेरी क्र.) यास दि. ___ पासून वर्गातील काही विद्यार्थ्यांकडून त्रास होत आहे. ठळक घटना: (१) दि. ___, मधली सुट्टी, दुसऱ्या मजल्यावरील स्वच्छतागृह: दार बाहेरून धरून ठेवले. (२) दि. ___, तास बदलताना: वह्या खिडकीतून फेकल्या. (३) दि. ___, व्हॅन: ___. संबंधित विद्यार्थ्यांची नावे बंद पाकिटात सोबत आहेत.*

*विनंती: (अ) दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवू नये. (आ) वरील जागी व वेळी शिक्षकांची पाळी लावावी. (इ) केलेली कार्यवाही सात दिवसांत लेखी कळवावी. (ई) दोन आठवड्यांनंतरच्या आढावा भेटीची तारीख आजच द्यावी.*

*सोबत: नोंदींची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी.*
*प्रत: वर्गशिक्षक; अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती/पालक-शिक्षक संघ.*

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर याच पत्राची शिक्क्याची प्रत जोडून गटशिक्षणाधिकारी, महापालिका हद्दीत असाल तर पालिकेचा शिक्षण विभाग, आणि त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग. पायऱ्या गाळू नका, वरचं कार्यालय पहिला प्रश्न "खाली कधी दिलं होतं?" हाच विचारतं.